पुरीचा पत्ता

उलव्याला मी राहावयास आलो तेव्हा गच्चीवरून समुद्र दिसतो असे मला सांगण्यात आले होते. समुद्र दिसतो म्हणणे जरा धाडसाचेच. दिसते ती खाडी, खारफुटीचा काळसर पट्टा, न्हाव्याची टेकडी आणि पाऊस नुकता उघडलेला असेल त्या दिवशी त्या टेकडीच्या खांद्यावरून डोकावणारे घारापुरीचे डोंगर. ह्या डोंगरांपायी माझे आणि आमच्या खालच्या मजल्यावरील एका निवृत्त मास्तरांचे गेले दोन पावसाळे भांडण चालू आहे. निमित्त झाले ते वसाहतीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचे. तीत कोणीतरी मोठ्या आत्मविश्वासाने लिहून ठेवले होते की, समोर दिसणारी घारापुरी हीच कोकणच्या मौर्यांची व पुढे शिलाहारांची राजधानी ‘पुरी’ होय. मास्तर मुरूडकडचे. त्यांनी त्या ओळीखाली तांबड्या पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या आणि स्मरणिका माझ्या हातात देत ते म्हणाले, “हे तुम्ही वाचलंत आणि गप्प बसलात? पुरी म्हणजे आमची राजपुरी. जंजिऱ्याच्या समोरची.”

मी गप्प बसलो होतो हे खरे. पण त्या दिवसापासून बसवले नाही.

हा वाद मास्तरांचा नव्हे आणि माझाही नव्हे. शिलालेख वाचण्याची विद्या ह्या देशात रुजू लागली तेव्हापासून तो चालत आलेला आहे. ठाणे जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८२ साली निघाले, त्यातही पुरीचा पत्ता शोधण्याची खटपट आहे. कुणी ती साष्टीत मागाठाण्याकडे नेली, कुणी राजपुरीस, तर कुणी घारापुरीच्या ईशान्य टोकावरच्या मोराबंदराशी. तेव्हापासून उमेदवारांच्या यादीत फारशी भर पडली नाही. मतदार तेवढे बदलत गेले. ह्या वादात भाग घेणारी माणसे इतिहासकार, पुराभिलेखवेत्ते, भाषाभ्यासक अशी थोर असल्यामुळे साहित्याच्या वाचकाने त्यात तोंड घालू नये असा एक संकेत आहे. तो मला मान्य नाही. कारण ह्या वादातला सर्वांत जुना आणि सर्वांत वजनदार साक्षीदार म्हणजे एक श्लोक आहे, आणि श्लोक कसा वाचावा ह्याबद्दल बोलण्याचा थोडासा हक्क आपल्यालाही असावयास हवा.

तो श्लोक ऐहोळ्याच्या मेगुती मंदिराच्या भिंतीवर आहे. शके ५५६ म्हणजे इसवी सन ६३४ साली रविकीर्ती नावाच्या जैन कवीने चालुक्य राजा दुसरा पुलकेशी ह्याची ही प्रशस्ती रचली. स्वतःला कालिदास व भारवी ह्यांच्या पंक्तीला बसवण्याइतका हा कवी धीट होता, आणि त्या एका वाक्यामुळे संस्कृत साहित्याच्या कालनिर्णयात त्याचे नाव कायमचे राहिले. कीलहॉर्न ह्या जर्मन पंडिताने ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सहाव्या खंडात हा लेख काळजीपूर्वक संपादून दिला आहे. त्यात कोकणच्या स्वारीचे दोन श्लोक लागोपाठ येतात. पहिल्यात पुलकेशीच्या सैन्याचा लोंढा कोकणात शिरतो आणि मौर्य नावाची लहानसहान डबकी त्या लाटांपुढे वाहून जातात. दुसऱ्यात तो पश्चिम समुद्राची लक्ष्मी अशी जी पुरी, तिला शेकडो नौकांनी वेढतो. त्या नौका मदमस्त हत्तींच्या कळपासारख्या आहेत. वर मेघांनी भरलेले आकाश समुद्रासारखे दिसते आणि खाली समुद्र आकाशासारखा.

आता ह्या दोन श्लोकांचे आपण काय केले ते पाहा. पहिल्या श्लोकात ‘चण्डदण्ड’ असा शब्द आहे. प्रचंड सेना एवढाच त्याचा सरळ अर्थ होतो, आणि लाटांच्या रूपकात तो चपखल बसतो. पण कित्येक इतिहासग्रंथांतून ‘चंडदंड’ नावाचा एक सेनापती कोकणावर चालून येताना दिसतो! विशेषण घोड्यावर बसले आणि सरदार झाले. मला ह्या सेनापतीचे वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते त्या रूपकाचे. कवीने पाण्याने पाणी मारले होते, मोठ्या लाटेने डबक्यातली लाट. तिथे आपण एक माणूस आणून उभा केला.

दुसऱ्या श्लोकाचे तर हालच झाले. ‘लक्ष्मी’ ह्या शब्दावरून कोणी म्हणतात, लक्ष्मी समुद्रातून वर आली, तेव्हा ही नगरीही समुद्रात, म्हणजे बेटावरच, असली पाहिजे. नौकांवरून म्हणतात, नौका लागल्या म्हणजे ती बेटच. हत्तींवरून म्हणतात — आणि येथे मात्र मोहात पडावे अशी जागा आहे — घारापुरीच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांना दिसलेला तो प्रचंड दगडी हत्ती, ज्याच्यावरून त्यांनी बेटाला ‘एलेफंटा’ म्हटले, त्याची ही चाहूल तर नव्हे? त्या हत्तीची कथाही ह्या वादासारखीच तुटक आहे. १८१४ साली त्याची मान गळून पडली, मग धड ढासळले, १८६४ साली तुकडे मुंबईस भायखळ्याच्या बागेत नेले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जुळवून उभे केले. आज तो राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूस उभा आहे. मुले त्याच्यापुढे उभी राहून छायाचित्रे काढून घेतात. पण नौकांना हत्ती म्हणणे हा संस्कृत काव्यातला रोजचा व्यवहार आहे. त्यासाठी कवीला कोकणच्या किनाऱ्यावर येण्याची गरज नव्हती.

ह्या श्लोकाचा खरा जीव जेथे आहे तेथे मात्र पुष्कळांनी पाहिलेच नाही. हरिणी वृत्तातल्या ह्या श्लोकात ‘पुरी’ ह्या शब्दाला अगदी खेटून कवीने पुलकेशीसाठी विशेषण घातले आहे ते ‘पुरभित्’सारखा तेजस्वी, असे. पुरभित् म्हणजे त्रिपुरे जाळणारा शिव. पुरी आणि पुरभित्! नगरी समोर आली आणि कवीच्या जिभेवर नगरे फोडणारा देव आला. श्लेष आणि अनुप्रास साधला, राजा शिव झाला, काम झाले. माझे म्हणणे एवढेच आहे की, ह्या श्लोकातली ‘पुरी’ ही नकाशावर टोचण्यासाठी ठेवलेली टाचणी नव्हे. तो शब्द कवीने आधी कानाने निवडलेला आहे. राजधानीचे आणखी एखादे नाव असते तरी कवीने येथे पुरीच लिहिली असती, असे मला वाटते.

अर्थात ह्या कानाच्या वाचनालाही मोह असतोच. घारापुरीचे मोठे लेणे सहाव्या शतकाच्या मध्याचे, म्हणजे ह्या स्वारीच्या बरेच आधीचे, असे आज बहुतेक अभ्यासक धरतात. बेटावर कलचुरी कृष्णराजाची नाणीही सापडलेली आहेत. म्हणजे पुरी जर घारापुरी असेल, तर पुलकेशी चालून आला तेव्हा आत डोंगराच्या पोटात महेशमूर्ती डोळे मिटून बसलेली होती. बाहेरून शिवासारखा राजा, आत शिव! मी हे पहिल्यांदा सुचले तेव्हा रात्रभर खूश होतो. दुसऱ्या दिवशी लेण्यातली शिल्पे मनात एकेक मोजली: रावणानुग्रह, अंधकासुरवध, कल्याणसुंदर, गंगाधर, अर्धनारीश्वर, नटराज, योगीश्वर. नेमका त्रिपुरे जाळणारा शिवच त्या मोठ्या चौकटींत नाही. कवीला लेण्याची खबर असती तर त्याने अंधकासुर टाकून त्रिपुर का उचलले असते? उत्तर साधे आहे: त्याला ‘पुरी’ला यमक हवे होते, लेणे नव्हे. माझा शोध सकाळच्या चहाबरोबर संपला.

श्लोकाकडून ताम्रपटाकडे वळले म्हणजे हवा एकदम बदलते. येथे कोणी लक्ष्मी नाही, हत्ती नाहीत. गावे, सीमा, जकात, साक्षीदार. शिलाहारांच्या दानपत्रांतून ‘पुरी ज्यात प्रमुख आहे असे चौदाशे गावांचे कोकण’ ही शब्दयोजना पुन्हा पुन्हा येते. वा. वि. मिराशी ह्यांनी हे सारे लेख एकत्र करून १९७७ साली प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही शब्दयोजना ओळीने वाचता येते आणि ओळीने वाचताना तिचा पोत कळतो. खारेपाटणचा अनंतदेवाचा शके १०१६ चा, म्हणजे १०९४ चा, ताम्रपट घ्या. त्यात दोघा श्रेष्ठी बंधूंना बंदरांवरची जकात माफ केली आहे, आणि बंदरांची नावे आहेत: श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुल्य. ठाणे, बहुधा नागोठणे, सोपारा, चौल. एकाच पत्र्यावर पुरीही आणि ही सगळी नावेही. तेव्हा पुरी म्हणजे ठाणे नव्हे, चौल नव्हे, सोपारा नव्हे, इतके तरी निश्चित होते. ह्या साऱ्या वादात मला सर्वांत आवडणारा पुरावा हाच. तो पुरी कोठे होती हे सांगत नाही, पण कोठे नव्हती हे शपथेवर सांगतो. जकातनाक्याच्या कारकुनाला अनुप्रासाचे काही पडलेले नसते.

आणखी एक गोष्ट ह्या पत्र्यांतून डोकावते. राजे दान देतात तेव्हा ते बहुधा श्रीस्थानकात असतात. राज्य ठाण्याहून चालते आणि कोकण मात्र ‘पुरी-प्रमुख’च म्हणवले जाते. ह्याचा अर्थ मी असा करतो की, शिलाहारांच्या काळात, निदान त्याच्या उत्तरार्धात, ‘पुरी’ हे दफ्तरातले नाव झाले होते. प्रांताला चिकटलेले बिरूद. ते सांभाळावयास तेथे गजबजलेले नगर असलेच पाहिजे असे नाही. रविकीर्तीची पुरी आणि ताम्रपटांची पुरी ही एकच जागा असली तरी एकच अवस्था नव्हे. वाद घालणारे सहा शतकांचे सगळे उल्लेख एका पाटावर बसवतात, आणि मग ‘एवढ्याशा बेटावर एवढी राजधानी मावेल कशी?’ असा प्रश्न त्यांना पडतो. कोणत्या शतकातली राजधानी, हे आधी विचारावयास हवे.

आता नावाच्या अर्थाकडे. ‘पुरी’ म्हणजे नगरी. ह्यात काय वाद? वाद नाही हीच अडचण आहे. सामान्यनाम विशेषनाम झाले की त्याला पत्ता उरत नाही. आपल्याकडे ‘नगरला जातो’ म्हटले की परवापरवापर्यंत अहमदनगरच समजायचे, आणि २०२४ साली सरकारदरबारी अहिल्यानगर झाले तरी एस. टी. स्टँडवर अजून नगरच ऐकू येते. तिकडे बायझंटाइन लोक आपल्या राजधानीला नुसते ‘शहर’ म्हणत. ‘शहराकडे’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दांतून इस्तंबूल निघाले असे मानतात. जवळपास दुसरी पुरीच नसेल तेव्हा पुरीला विशेषण लागत नाही. विशेषण लागते ते तिचा तोरा गेल्यावर, दहा पुऱ्यांतली एक झाल्यावर. ह्या दृष्टीने ‘राजपुरी’ आणि ‘घारापुरी’ ही दोन्ही नावे उतरत्या काळातली वाटतात. मास्तरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “राजपुरीत ‘राज’ उगाच आलाय का?” उगाच आलेला नाही, पण कुणाचा राजा आणि कोणत्या शतकातला, हे नाव सांगत नाही. समोरचा जंजिराच पाहा ना. अरबी ‘जझीरा’, म्हणजे नुसते बेट. तेही सामान्यनामच.

‘घारा’ची गंमत निराळी. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी पंडितांपैकी कुणी त्यात खडक पाहिला, कुणी शुद्धी पाहिली. आपल्याकडे ‘घारी’ म्हणजे शिवाचे गुरव, त्यांची ती घारापुरी, असे सांगतात. ‘अग्रहारपुरी’पासूनही ती काढतात. ध्वनीच्या दृष्टीने हे शेवटचे अशक्य नाही: अग्रहार, अग्गहार, गहार, घार, आद्य ‘अ’ गळणे आणि ‘ह’ आधीच्या व्यंजनावर चढणे मराठीला अपरिचित नाही. पण शक्य आहे म्हणून घडले, हा तर्क राजवाड्यांसारख्या बलदंड माणसालाही कधीकधी घेऊन पडला. मला उलव्यात बसून चौथी व्युत्पत्ती करता येईल. आमच्या आजूबाजूला तरघर आहे, शेलघर आहे, पनवेलच्या अंगाला वडघर आहे. मग समुद्रातल्या ‘घर’वाल्या गावाला घरापुरी का म्हणू नये? लोकलच्या फलाटावर उभ्या उभ्या पाच मिनिटांत सुचलेली ही व्युत्पत्ती आहे, आणि छापलेल्या कित्येक व्युत्पत्त्यांहून ती वाईट नाही. तिच्या बाजूने एकही जुना कागद नाही, एवढाच तिचा दोष. तो इतरांतही आहे.

कागद आहे तो भलत्याच हाताचा. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य. गोव्यास राहिला, मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधींवरील संवादग्रंथात मध्येच लेण्यांची हकीकत येते. तेथे तो सांगतो की, ज्या बेटाला आम्ही हत्तीचे बेट म्हणतो त्याचे नाव ‘पोरी’. घारा नाही, राज नाही. नुसती पोरी. ह्या गृहस्थाला मौर्य ठाऊक नव्हते, ऐहोळे ठाऊक नव्हते, कोणताही वाद जिंकावयाचा नव्हता. त्याने कोळ्या-होडीवाल्यांच्या तोंडून जे ऐकले ते लिहिले. सगळ्या ताम्रपटांपुढे मी ही एक ओळ ठेवतो आणि माझे पारडे घारापुरीकडे झुकते. विशेषणे मागाहून येतात हे माझे म्हणणे खरे असेल, तर सोळाव्या शतकापर्यंत विशेषणावाचून जगलेली ‘पुरी’ ही एकटी तीच आहे.

मात्र पारडे झुकते म्हणजे तराजू मोडत नाही. मास्तरांची बाजूही मी येथे मांडली पाहिजे, कारण ते ती माझ्यापेक्षा बरी मांडतात. “राजधानी म्हणजे देऊळ नव्हे,” ते म्हणतात. “तिला शिवार लागतं, बाजार लागतो, पाठीमागे डोंगर आणि पळायला वाट लागते. घारापुरीला काय आहे? तीन वाड्या. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर. आणि दिवे आले कधी? २०१८ साली. आमच्या खाडीत शंभर जहाजं उभी राहतील वाऱ्यापासून आडोशाला.” शेवटचे वाक्य ते हात पसरून म्हणतात. त्यांना मी मोराबंदराजवळचा विटांचा जुना स्तूप, परदेशी मद्यकुंभांची खापरे, नाणी सांगतो. बेट केवळ देवाचे नव्हते, व्यापाराचेही होते म्हणतो. ते म्हणतात, बंदर असेल, राजधानी नव्हे. ह्यापुढे आम्हां दोघांजवळ काही नसते.

असण्याचा संभव होता. दियोगु दु कौतु हा पोर्तुगीज बखरकार सांगतो की, वसई पोर्तुगीजांच्या हाती आल्यावर त्यांनी घारापुरीच्या लेण्याच्या दारावरचा एक अक्षरे कोरलेला शिलालेख काढला आणि राजा तिसरा जुवांव ह्याच्याकडे लिस्बनला पाठवून दिला. इकडे हिंदू-मुसलमान कोणालाच ती अक्षरे वाचता आली नव्हती. राजानेही वाचणारा शोधला, मिळाला नाही. मग तो दगड नाहीसा झाला. पुरीबद्दलचा सर्वांत बोलका पुरावा असा वाचला न जाता परदेशात हरवला. त्या दगडावर राजाचे नाव असेल, नगरीचे असेल, किंवा नुसते दान दिलेल्या तेलाचे मोजमाप असेल. ऐहोळ्याच्या कवीने पुरीचे नाव लिहिले ते ती चिरडली गेली त्या क्षणापुरते. पुरीने स्वतःबद्दल जर काही लिहिले असेल तर ते ह्या दगडावर. मौर्यांच्या बाजूचा श्लोक आपल्याकडे नाहीच.

स्मरणिकेतल्या त्या ओळीला माझा खरा आक्षेप येथे आहे. ती चूक आहे म्हणून नव्हे. मी स्वतः तिच्याच बाजूचा आहे. ‘हीच होय’ ह्या दोन शब्दांनी तिने एका कवीचा श्लेष, एका कारकुनाची जकात, एका वैद्याचे कानावर आलेले नाव आणि एक हरवलेला दगड, ही सगळी माणसे एका झटक्यात गप्प केली. आणि नावाच्या बाबतीत गप्प करणे ह्या भागात तरी शोभत नाही. २०२१ च्या जून महिन्यात विमानतळाला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे म्हणून येथल्या गावागावांतून माणसे हातात हात घालून रस्त्यावर उभी होती, आणि चौदा दिवसांनी हजारोंनी सिडकोवर चालून गेली. नाव ही किरकोळ गोष्ट आहे असे त्यांच्यापैकी कुणाला वाटत नव्हते.

गेल्या श्रावणात एकदा पाऊस थांबला आणि हवा स्वच्छ झाली. मास्तर गच्चीवर आले. घारापुरीचे डोंगर कोरून काढल्यासारखे दिसत होते. ते थोडा वेळ तिकडे पाहत राहिले. मला वाटले, आता विरघळतात. तेवढ्यात ते म्हणाले, “पुरी कुठं होती ते राहू द्या. तुम्ही उलव्यात राहता ना? मग उलवे कुठं होतं ते दाखवा.”

प्रश्न तिरकस होता, आणि रास्त होता. आम्ही ज्याला उलवे म्हणतो तो सिडकोचा नोड. त्यातल्या सेक्टरांना आकडे आहेत. रेल्वेची स्टेशने बामणडोंगरी आणि खारकोपर ह्या नावांची. उलवे नावाचे स्टेशनच नाही. उलवे हे गाव विमानतळासाठी हलवलेल्या दहा गावांपैकी एक. उलव्याची टेकडी सुमारे ९० मीटर उंच होती, ती सुरुंग लावून सपाट केली. उलवे नदीचा प्रवाह वळवला. गाव उठले, डोंगर गेला, नदी सरकली, आणि नाव तेवढे मागे राहून आमच्या इमारतींच्या पाट्यांवर चढले. हजार वर्षांनी कुणी आमच्या पाट्या खणून काढल्या तर तो शपथेवर सांगेल की उलवे येथेच होते.

मी कठड्याच्या दुसऱ्या बाजूला गेलो आणि पूर्वेकडे, धावपट्टीच्या दिशेला, बोट दाखवले. मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुष्कळ वेळ तिकडे पाहिले. मग म्हणाले, “अंदाजे?”

“अंदाजे,” मी म्हणालो.